मॅडम, तेवढा गेम चालवून द्या!

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. चार्जर आणि किस्से. चार्जर लोक विसरून जातात, किस्से सांगून जातात. चार्जर निदान भंगारवाला तरी नेतो. किस्से मात्र पडूनच राहतात.

सर म्हणतात, "एकदा सगळे कुठेतरी सांगून टाक, म्हणजे जेवताना दुसरा विषय निघेल."

सर म्हणजे आमचे हे. हायस्कूलला विज्ञान शिकवतात. सगळं मेहकर त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. घरासाठी वेगळं नाव लक्षात ठेवायचा त्रास नको.

माझं माहेर पिंपळगाव राजा. लग्न होऊन मेहकरला आले आणि बसस्टँडच्या मागे कॉम्प्युटरचा क्लास काढला. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे पांघरूण घालून ठेवायची वस्तू होती. आत येताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या. पोरं टायपिंगची प्रॅक्टिस भराभर उरकायची, कारण उरलेल्या वेळात मी गेम खेळू द्यायचे. अर्धी पोरं फक्त त्या उरलेल्या वेळासाठी यायची, हे मला माहीत होतं. त्यांच्या आईवडिलांना नव्हतं.

पुढे क्लास बंद पडला, रिपेअरिंग राहिलं. ती पोरं मोठी झाली. कोणाचं कृषी केंद्र आहे, कोणी शाळेत शिकवतं, बहुतेकांची पोटं सुटलीत. आणि अधूनमधून एखादा दुकानात येतो, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना ते बघतो, आणि हळूच विचारतो, "मॅडम, तो आपला गेम नव्या लॅपटॉपवर चालते का हो?"

चालत नाही. जुना गेम जुन्या मशीनच्या सवयीचा असतो. नव्या विंडोजवर टाकला की एक तर उघडतच नाही, नाही तर उघडून उताणा पडतो. मग त्याला चुचकारावं लागतं. कधीकधी नव्या मशीनच्या पोटात जुन्या मशीनचं सोंग उभं करावं लागतं. आख्ख्या तालुक्यात हे काम करणारी मी एकटी आहे. यात अभिमान वाटावा असं काही नाही. दुसऱ्या कोणाला हे काम करावंसं वाटलेलं नाही, इतकंच.

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पाठक गुरुजी. बालाजीच्या मंदिराकडे राहतात. वास्तुशांती, सत्यनारायण, मुंजी, सगळं करतात. जावयाने नवा लॅपटॉप घेऊन दिला तसे ते जुन्या गेमची सीडी पंच्यात गुंडाळून घेऊन आले.

गेम राज्य उभं करायचा. शेती करायची, लाकूड तोडायचं, गावं वसवायची, देवळं बांधायची, मग सैन्य काढून शेजारच्या राजावर चालून जायचं. गुरुजी चालून जाणं सोडून बाकी सगळं करायचे. त्यांच्या राज्यात देवळं इतकी झाली होती की सैनिकांना उभं राहायला जागा नव्हती.

मी गेम टाकला. उघडेना. मग सेटिंगमध्ये जाऊन 'जुन्या विंडोजसाठी चालव' असं करायला घेतलं.

गुरुजींनी विचारलं, "हे काय करता आहात?"

"गुरुजी, याला सांगते आहे की तू अजून जुन्याच मशीनवर आहेस."

"पण तो तर नव्या मशीनवर आहे."

"हो."

"म्हणजे आपण त्याच्याशी खोटं बोलतो आहोत."

"हो, म्हणजे तसंच काहीसं."

गुरुजी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "तुम्ही बोला. मी इकडे बघतो."

खोटं बोलूनही गेम उघडेना. वर पाटी आली, 'अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.'

मी विचारलं, "गुरुजी, या लॅपटॉपचा अॅडमिनिस्ट्रेटर कोण आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मालक. ज्याच्या परवानगीने सगळं चालतं तो. बहुतेक तुम्हीच असाल."

गुरुजी उठले, खांद्यावरचा पंचा नीट केला आणि म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

*

गजाननभाऊ रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. सगळी नोकरी घाटांत गेली. घरी बसून कंटाळले तेव्हा त्यांना आठवलं की मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता.

मी तो नव्या मशीनवर चालवून दिला. भाऊंनी खुर्ची पुढे-मागे करून सीट अॅडजस्ट केली. आरसा नव्हता, म्हणून जरा अस्वस्थ झाले. मग बटण दाबलं.

गाडी दिसलीच नाही! एकदम 'शर्यत संपली' असं आलं.

यात गेमचा दोष नाही. काही जुने गेम मशीनच्या वेगाने पळतात. तेव्हाची मशिनं हळू होती, म्हणून गाड्या माणसाच्या वेगाने जायच्या. आताच्या मशीनवर त्या सुसाटच सुटतात.

भाऊ पडद्याकडे बघत होते. "ताई, काय झालं?"

"शर्यत संपली भाऊ."

"अन् पॅसेंजर?"

मी गाडी हळू करायची व्यवस्था केली. आधी जास्त हळू झाली. गाडी पुढे सरकायची, थांबायची, एक हिसका द्यायची, परत सरकायची. मी म्हटलं, "थांबा भाऊ, अजून नीट करते."

"राहू द्या, राहू द्या! हे बरोबर आहे. हा चिखली रोड आहे ना?"

तरी मी वेग नीट बसवून दिला. भाऊ चालवायला लागले. सुरेख चालवत होते. वळणावर हॉर्न नव्हता, तर तोंडाने द्यायचे. तेवढ्यात मागून दुसरी एक गाडी आली, तशी भाऊंनी आपली गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि उभी केली. मग तिसरी आली, चौथी आली. सगळ्या निघून गेल्या. भाऊ शांतपणे थांबलेले.

मी विचारलं, "भाऊ, काऊन थांबले?"

"त्याइले घाई होती."

भाऊ अजून तो गेम खेळतात. एकही शर्यत जिंकलेली नाही. एकही अपघात नाही.

*

देशमुख काका खेड्यात राहतात, जमीन बरीच आहे, सोयाबीन निघालं की त्यांना घरात नवं काहीतरी आणावंसं वाटतं. या खेपेला त्यांनी गावातलं सगळ्यात भारी मशीन आणि सगळ्यात रुंद स्क्रीन आणली. कशासाठी? तर जुना क्रिकेटचा गेम खेळायला!

गेम टाकला. तो म्हणाला, 'या मशीनची मेमरी पुरेशी नाही.'

काका म्हणाले, "काय म्हणून राह्यला हा?"

"मेमरी कमी आहे म्हणतोय."

"कमी? दुकानदारानं तं सांगतलं का याच्याहून जास्त येतच नाही."

खरी गोष्ट अशी होती की मेमरी फार झाली होती. जुन्या गेमला एवढा मोठा आकडा मोजताच येत नाही. मोजता मोजता त्याचा आकडा उलटा फिरतो आणि त्याला वाटतं, इथे काहीच नाही. हे मी काकांना समजावून सांगितलं.

काकांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे लय जास्त असलं का हा म्हणते, माह्यापाशी काहीच नाही?"

"हो."

"माह्या मोठ्या भावासारखा आहे."

मग त्या गेमपासून निम्मी मेमरी लपवून ठेवली, तेव्हा कुठे तो सुरू झाला. पण स्क्रीन रुंद, गेम चौकोनी. सगळी टीम ताणून आडवी झाली. बारीकसा बॉलर होता, तो हंड्यासारखा दिसायला लागला.

मी म्हटलं, "काका, माणसं जाड झालीत. नीट करते."

"राहू द्या ताई. खाऊनपिऊन सुखी दिसून राह्यले. बारीक होते तवा कुठी जिंकले ते?"

*

हाच ताणण्याचा प्रकार आमच्या घरी झाला. सर माझ्या या धंद्याला 'पोरकटपणा' म्हणतात. एका रविवारी त्यांनी अगदी सहज विचारलं, तो चेंडू उडवून विटा फोडायचा गेम चालतो का? फक्त बघायचं होतं म्हणाले. शास्त्रीय दृष्टीने.

मी चालवून दिला. सर हरले. परत खेळले. परत हरले. मग आत गेले आणि कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आले. चेंडू मधेच थांबवला, कोनमापक स्क्रीनला लावला आणि एक डोळा मिटून बघितलं.

"स्क्रीन ताणली गेली आहे," सर म्हणाले. "पंचेचाळीस अंशांचा कोन सदतीसवर आलाय. या परिस्थितीत कोणीही हरेल."

मी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून गेम मूळ मापात आणून दिला. सरांनी परत कोनमापक लावला. समाधान झालं. खेळायला बसले.

मी चहा घेऊन आले तेव्हा चेंडू खाली पडला होता आणि सर स्क्रीनकडे बघत बसले होते.

"कोन बरोबर आहे," सर म्हणाले. "आता चूक माझी आहे."

*

रेखा माझी जुनी विद्यार्थिनी, आता एका खेड्यात शाळेत शिकवते. लहान मुलांचा गणिताचा गेम घेऊन आली. सीडीवरचा. लॅपटॉप नवा. तिने तो चारही बाजूंनी फिरवून बघितला.

"मॅडम, सीडी कुठून टाकायची?"

"आताच्या लॅपटॉपला ती खाचच नसते."

"अन् गेम तं म्हणते, सीडी टाका."

मी सांगितलं, काळजी करू नकोस. सीडीची नक्कल आतच करून ठेवायची आणि लॅपटॉपमध्ये एक खोटी खाच तयार करायची. म्हणजे खाच नाही, सीडी नाही, पण गेमने दोन्ही आहेत असं समजायचं.

मला वाटलं, तिला हे पटायला वेळ लागेल. रेखा म्हणाली, "समजली मी. आमच्या शाळेत ग्रंथालय आहे ना, तसंच."

*

गुरुजींचं पुढे काय झालं ते राहिलंच. घरून परवानगी मिळाली. अॅडमिनिस्ट्रेटर काकूच निघाल्या. गेम सुरू झाला, जुन्या मशीनमधलं गुरुजींचं राज्य मी नव्या लॅपटॉपवर आणून दिलं. सगळी देवळं जागच्या जागी. गुरुजी खुश.

पण गेम नव्या मशीनवर थोडा जोरात चालायला लागला होता. शेजारचा राजा, जो जुन्या मशीनवर जन्मभर तयारीच करत होता, त्याची तयारी पहिल्याच दिवशी झाली. गुरुजी एका देवळावर कळस चढवत होते तेवढ्यात तो चालून आला.

गुरुजींचा फोन आला तेव्हा आवाज अगदी खाली गेलेला. "सगळं गेलं. गावं गेली. माणसं गेली."

मी म्हटलं, "गुरुजी, घाबरू नका. परवाची प्रत माझ्याकडे आहे. लॅपटॉप घेऊन या, राज्य परत जसंच्या तसं उभं करून देते. लगेच या."

"लगेच नाही येता येणार. अर्धा तास लागेल."

"का हो? कुठे बाहेर आहात का?"

"नाही, घरीच आहे. एवढी माणसं गेली, आंघोळ तर करावी लागेल ना."

ते आले, ओलेत्या केसांनी. मी राज्य परत आणलं. सगळी माणसं पुन्हा आपापल्या शेतात नांगर धरून उभी.

गुरुजींनी काळजीने विचारलं, "आता सुतक फिटलं, की लागलंच नव्हतं?"

*

कुसुमताई देऊळगाव राजाच्या. कोर्टात मराठी टायपिस्ट होत्या, आता रिटायर झाल्यात. बसने आल्या, लॅपटॉप मांडीवर घेऊन. बसमध्ये सगळ्यांनी त्यांना जागा दिली म्हणाल्या, लॅपटॉप बघून नाही, त्यांचा चेहरा बघून.

त्यांना पाहिजे होता मराठी टायपिंगचा जुना गेम. वरून छत्र्या पडतात, प्रत्येक छत्रीला एक शब्द लटकलेला असतो, छत्री जमिनीला टेकायच्या आत तो शब्द टाइप करायचा. माझ्या क्लासमध्ये फार चालायचा.

गेम सुरू झाला, पण जुना मराठी फॉन्ट नव्या सिस्टीममध्ये नव्हता. त्यामुळे छत्र्यांना मराठी शब्दांऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरं लटकून खाली यायला लागली. डी, ई, वाय.

मी म्हटलं, "ताई, थांबा, अक्षरं बिघडलीत."

कुसुमताई थांबल्या नव्हत्या. त्यांनी खटाखट तीन बटणं दाबली आणि म्हणाल्या, "कमल."

छत्री फुटली. पुढची आली, तीही फुटली. एकही छत्री जमिनीला टेकेना.

मी विचारलं, "ताई, तुम्हाला हे वाचता येतं?"

"मी कुठी वाचून राह्यले? बोटं वाचून राह्यले."

तरी काम अर्धवट सोडायला मला आवडत नाही. शोधून शोधून तो जुना फॉन्ट काढला, टाकला, आणि शुद्ध मराठी शब्द पडायला लागले. कुसुमताईंनी आभार मानले. बसमध्ये बसवून दिलं त्यांना.

पुढच्याच आठवड्यात परत आल्या. लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"मॅडम, पह्यल्यासारखं बिघडवून द्या."

"का ताई? काय झालं?"

"मराठी दिसाले लागल्यापासून मी वाचतच बसते. एकेक शब्द इतका चांगला आहे. कमल काय, अंगण काय... अन् छत्री पडून जाते!"

*

आता प्रवीण आणि अर्चनाची गोष्ट.

दोघंही माझ्या क्लासमधले, एकाच बॅचचे. कोपऱ्यातल्या एका मशीनवर दोघांत एक कीबोर्ड. तेव्हा एक रणगाड्यांचा गेम होता, दोघांनी एकदम खेळायचा. एकाने कीबोर्डच्या डाव्या बाजूची बटणं घ्यायची, दुसऱ्याने उजव्या बाजूची, आणि एकमेकांचा रणगाडा उडवायचा. अर्चना डावीकडे बसायची, प्रवीण उजवीकडे. अर्चना दर वेळी जिंकायची. प्रवीण दर वेळी हसत उठायचा.

पुढे दोघांनी लग्न करायचं म्हटलं. अर्चनाच्या घरून फार विरोध झाला. वडिलांनी विचारलं, या पोट्ट्यात काय पाह्यलं तुनं? ती म्हणाली होती, "बाबा, हा हरला तरी चिडत नाही."

वडिलांनी बराच विचार केला म्हणे, आणि हो म्हटलं.

आता प्रवीणचं कृषी केंद्र आहे, अर्चना पतसंस्थेत कॅशिअर आहे. मुलं मोठी झालीत. सगळं छान चाललेलं. तर एकदा घरी पाहुणे होते, जुन्या आठवणी निघाल्या, आणि प्रवीण पाहुण्यांना म्हणाला, "अहो, मी मुद्दाम हरत होतो!"

पाहुणे हसले. अर्चना हसली नाही. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेत जायच्या आधी ती माझ्या दुकानात होती.

"मॅडम, तो रणगाड्यांचा गेम चालू करून पाह्यजे मले."

"अगं, इतक्या वर्षांनी? कशाला?"

"ह्यायले पह्यल्यासारखं खेळवून पाह्यतो. मी न चिडणाऱ्या माणसाशी लग्न केलं मॅडम. हे जर मुद्दाम हरत होते, तं चिडतीन कायले? मनात तं जिंकूनच बसले होते! मग मी लग्न केलं कोणाशी?"

ती जायला निघाली, दारात थांबली. ती म्हणाली, "डबा देऊन राह्यली मी. बोलत नाही."

त्याच दुपारी प्रवीण आला. शटरच्या आत येऊन उभा राहिला.

"मॅडम, काय वाट्टेल ते करा, पण तो गेम चालू नका करू."

"का रे?"

"मी खरंच हरत होतो. पाहुण्यायसमोर उगाच बोलून गेलो."

"मग तिला तसं सांग ना."

"सांगतलं. मानत नाही. आता जिंकलो तं म्हणन, तवा खोटे होते. हरलो तं म्हणन, आता पण खोटेच. दोन्हीकडून मेलो मी, मॅडम!"

बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. "घरात कोणी बोलत नसलं तर दुकानातही मन लागत नाही हो," म्हणाला. हे त्याने हसून म्हटलं नाही.

मी कामाला लागले. गेम फार जुना होता, नव्या विंडोजवर उघडायचं नावच घेईना. शेवटी दुकानातल्या नव्या डेस्कटॉपमध्ये जुन्या मशीनचं सोंग उभं केलं आणि त्यात तो चालला. अडगळीतून क्लासचा तोच जुना कीबोर्डही सापडला, एक छोटा कन्व्हर्टर लावून तोही जोडला. मग नीट चालतो का बघायला सरांना बसवलं. सर डावीकडे, मी उजवीकडे.

सर जिंकले. असं होत नाही. मी म्हटलं, परत. सर परत जिंकले. मग जागा बदलल्या. मी जिंकले. पुन्हा बदलल्या, सर जिंकले.

सरांच्या अंगात विज्ञान संचारलं. एकेक बटण दाबून बघितलं, मग दोन-दोन, मग सगळी एकदम. निघालं ते असं: दोघांनी एकाच वेळी बटणं दाबून धरली की तो कीबोर्ड डावीकडची ऐकतो आणि उजवीकडचं गोळीचं बटण ऐकतच नाही. तेव्हाच्या साध्या कीबोर्डांना हे व्हायचं. म्हणजे डावीकडचा पळतही होता आणि गोळीही मारत होता. उजवीकडचा नुसताच बटण दाबत होता.

प्रवीण मुद्दाम हरत नव्हता. खरंही हरत नव्हता. त्या खुर्चीवर बसून कोणीच जिंकलं नसतं.

सरांनी विचारलं, "सांगणार आहेस त्यांना?"

"काय सांगू? तुमचं लग्न कीबोर्डने लावलं म्हणून?"

मी माझ्या परीने तोड काढली. दोन नवे कीबोर्ड जोडले, ज्याचा त्याला. त्यात ही भानगड होत नाही. जो चांगला खेळेल तो जिंकेल, मग त्यांचं ते बघून घेतील.

रविवारी सकाळी दोघं आले. वेगवेगळ्या गाड्यांवर. अर्चनाने टेबलावर नजर टाकली.

"हे दोन कायले? तवा एकच होता."

"सोयीचं पडतं गं. आता सगळे असंच खेळतात."

"मले जसं होतं तसंच पाह्यजे मॅडम."

मी सरांकडे बघितलं. सर पुस्तक वाचत होते. पुस्तक उलटं होतं. मी खणातून जुना कीबोर्ड काढून जोडला.

अर्चना डावीकडे बसली, प्रवीण उजवीकडे. पहिला डाव अर्चनाने घेतला. दुसरा तिनेच. प्रवीणच्या कपाळावर घाम आला. तो पुढे वाकला, बाह्या वर केल्या, ओठ आवळून खेळायला लागला. असा खेळताना मी त्याला क्लासमध्येही कधी बघितलं नव्हतं. तिसऱ्या डावात त्याने अर्चनाचा रणगाडा बरोबर समोर गाठला, बटण दाबलं, परत दाबलं, आणि त्याचाच रणगाडा उडाला.

प्रवीणने टेबलावर जोरात हात आपटला. माझा चहाचा कप पडला.

"दाबलं होतं मी! बटन दाबलं होतं! हे काय आहे मॅडम? दाबलं होतं मी!"

अर्चना त्याच्याकडे वळून बघत होती.

"चिडले तुम्ही," ती म्हणाली.

"चिडन नाही तं काय! समोर होता तो माह्या!"

"खरंच चिडले."

प्रवीणच्या लक्षात आलं. त्याने हात मागे घेतला. "ते... हो. चिडलो."

"म्हणजे खरंच हरले."

"खरंच हरलो, अर्चना. तवा पण खरंच हरत होतो. देवाशपथ."

अर्चना पदराने टेबलावरचा चहा पुसायला लागली, तर त्याने रुमाल काढून दिला. तिने तो घेतला. तेवढ्यात सरांनी पुस्तक सरळ केलं.

मला वाटलं, झालं. मी उठायलाच लागले होते.

अर्चनाने रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. आता तिचा आवाज हलका झाला होता. म्हणाली, "उठा. एक डाव अजून. तुम्ही इकडं बसा, मी तिकडं बसतो."

प्रवीण हसत हसत उठला आणि डावीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला. अर्चना उजवीकडे बसली. तिने बोटं बटणांवर ठेवली.

मी टेबलाखाली पाय घातला आणि अंगठ्याने कॉम्प्युटरच्या बोर्डाचा स्विच बंद केला. स्क्रीन काळी झाली.

"लाइट गेली," मी म्हटलं.

डोक्यावर पंखा फिरत होता.

प्रवीण काळ्या स्क्रीनकडेच बघत होता. अर्चनाने मान वर केली. पंख्याकडे बघितलं, मग कीबोर्डकडे, मग माझ्याकडे. मग तिने पर्स उचलली.

"हो ना," ती म्हणाली. "गेलीच वाटते. चला हो, घरी जाऊ."